आपल्या घरातला वेब सर्व्हर
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकावर चार शब्द बोला, असे समितीने सांगितले. आम्ही वस्तीतल्या संगणक शिकलेल्या मुलामुलींनी मिळून एकच विषय निवडला, तो म्हणजे मुक्त प्रणालीवर घरच्या घरी वेब सर्व्हर कसा उभा करायचा. नाव ऐकून घाबरू नका. ग्रंथालयात चिठ्ठी दिली की ग्रंथपाल कपाटातून पुस्तक काढून देतो. तसेच मागेल त्याला पान काढून देणारा संगणक म्हणजे वेब सर्व्हर. जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत चालवला. तो एकच संगणक होता, आणि कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर सूचनेची चिठ्ठी चिकटवलेली होती!

आता कोणी विचारील, फोटो टाकायला मोबाईल आहे, मग हा उद्योग कशाला? ऑर्कुट आठवते का? आपल्या देशात लाखो तरुण त्यावर होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. फोटो काढून घ्यायला मालकाने मुदत दिली होती, हे खरे. पण भाडेकरूला घर रिकामे करायला मुदत मिळते, म्हणून घर त्याचे होत नाही. आपल्या वस्तीचे जुने फोटो, आजीच्या तोंडून टेप केलेली गाणी, पोरांनी लिहिलेले लेख दुसऱ्याच्या जागेत आहेत, तोवर ते राहतील की जातील हे तो दुसरा ठरवणार.

स्वतःच्या जागेसाठी लागणारी प्रणाली मात्र विकत घ्यावी लागत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणाली लिहिण्याचे काम जाहीर केले. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. १९९३ मध्ये इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन सुरू केले, आणि आज जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द असल्याने गोंधळ होतो. आपल्याकडे दोन आहेत, फुकट आणि मुक्त. डेबियन फुकट मिळते, पण महत्त्वाचे ते मुक्त आहे हे. ते कसे चालते हे पाहण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क त्याच्याबरोबर मिळतो. ज्ञान कुलूपबंद ठेवले की काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष काम. घरात पडून असलेला जुना लॅपटॉप घ्या. तो ६४ बिटचा असावा, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ जुन्या ३२ बिटच्या संगणकावर नव्याने बसवता येत नाही. बॅटरी फुगलेली असेल तर तो लॅपटॉप आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. डिस्कवरचे सगळे पुसले जाणार, म्हणून त्यातले फोटो अगोदर काढून घ्या. डेबियनच्या संकेतस्थळावरून फाईल उतरवून ती पेन ड्राईव्हवर चढवायची आणि संगणक पेन ड्राईव्हवरून सुरू करायचा. भाषांच्या यादीत मराठीसुद्धा आहे, बरं का! शेवटी काय काय हवे ते विचारतात. तिथे डेस्कटॉपवरची खूण काढा आणि वेब सर्व्हर व एसएसएच सर्व्हर या दोहोंवर खूण करा. अपाचे नावाचा सर्व्हर आपोआप बसतो. लॅपटॉपचे झाकण मिटले की तो झोपी जातो, तेवढे सेटिंग बदलायला विसरू नका.

मग घरातल्या वाय-फायवरच्या मोबाईलमध्ये त्या लॅपटॉपचा आकडी पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. अपाचेचे पान दिसले की सर्व्हर चालू झाला. त्याच्या जागी आपले पान ठेवायचे. पहिले महिनाभर एवढ्यावरच थांबा. घरातल्या घरात शिकून घ्या.

बाहेरच्यांना पान दिसायला हवे असेल तर राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायम करून ८० आणि ४४३ ही दोन दारे, म्हणजे पोर्ट, त्याच्याकडे वळवावी लागतात. इथे बरेच जण अडतात. चाळीला पत्र्याची एकच पेटी असावी, तसा अनेक इंटरनेटवाले बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरमध्ये दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमचे घर अशा चाळीत आहे असे समजा. मग इंटरनेटवाल्याकडे स्थिर पत्ता मागावा लागतो. त्याचे पैसे किती आणि घरी सर्व्हर चालवण्याची परवानगी आहे का, दोन्ही आधी विचारा. पत्त्याला नाव हवे असेल तर वर्षाला फी भरून मिळते. २०१४ पासून 'डॉट भारत' असे देवनागरीतले नावही घेता येते. पान सुरक्षित पोचावे म्हणून लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत देते. एकदा नीट बसवले की ते आपोआप नवे होत राहते.

वीजबिलाची काळजी माता-भगिनींना वाटणार. हिशेब सोपा आहे. २० वॅट घेणारा लॅपटॉप दिवसरात्र चालला तर महिन्याला साधारण १४ युनिट होतात. त्याची बॅटरी चांगली असेल तर वीज गेली तरी तो काही वेळ तग धरतो. राउटरला मात्र बॅकअप वेगळा लागतो.

शेवटी जबाबदारीचे बोलू. दार उघडले की अनोळखी लोकही येतात. जगभरचे स्वयंचलित प्रोग्राम रात्रंदिवस पासवर्ड चाचपडत फिरत असतात. म्हणून ८० आणि ४४३ सोडून तिसरे दार बाहेर उघडू नका. पासवर्ड लांब ठेवा, सुरक्षेच्या सुधारणा आपोआप बसतील असे करा, आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात ठेवा. जातीचा दाखला, आधार कार्ड, पासबुक यांच्या प्रती या सर्व्हरवर अजिबात ठेवू नका. कोणाचा फोटो लावायचा तर त्याला विचारून लावा.

ही जबाबदारी एकट्याने पेलणे जड जाते. चार घरांनी मिळून एक सर्व्हर चालवला, दोघांना त्याचे काम शिकवले, तर एक जण नोकरीसाठी गावाबाहेर गेला तरी काम थांबत नाही. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवण्यापासून सुरुवात करू या. यंत्र जुने चालेल, पण त्या माणसांसाठी वेळ आजच काढावा लागेल. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर आम्हाला भेटावे, जुना लॅपटॉप असेल तर घेऊनच यावे.