वाहतूक-अभ्यासातील गृहीतके : फेरतपासणीची गरज



शहरात मोठे गृहसंकुल उभारताना लगतच्या रस्त्यांवर त्याचा किती भार पडेल, याचा अंदाज बांधला जातो. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेने 20,000 चौरस मीटर वा अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी आवश्यक केली आणि वाहनतळ व प्रवेशद्वारावरील वाहतुकीचा तपशीलही मागविला. हे अंदाज प्रमाणित गृहीतकांवर उभे असतात : एका घरामागे गर्दीच्या तासाला वाहनांच्या किती फेऱ्या होतात, किती लोक बसने वा पायी जातात, एक दुचाकी मोटारीच्या तुलनेत किती जागा व्यापते.

उदाहरणादाखल 400 घरांचे संकुल घेता येईल. घरामागे 0.6 फेऱ्या धरल्यास तासाला 240 वाहने होतात, 0.4 धरल्यास 160. या 80 वाहनांच्या फरकावर रस्ता रुंद करायचा की पदपथ राखायचा, हे ठरू शकते. आकडा फुगला तर जादा वाहनतळाचा खर्च घराच्या किमतीत मिसळतो आणि मोटार नसलेले कुटुंबही तो सोसते. आकडा घटला तर कोंडीचा भुर्दंड शेजारच्या वस्तीवर पडतो.

काळ बदलला की गृहीतकही बदलले पाहिजे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1990 च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाहतुकीतील दुचाकींचा वाटा 5 टक्के असल्यास एक दुचाकी 0.5 मोटारीइतकी, तर 10 टक्के वा अधिक असल्यास 0.75 मोटारीइतकी मानली होती. पुढे अनेक शहरांत दुचाकींचा वाटा याच्या कितीतरी पटींनी वाढला. मेट्रो आली, घरपोच माल पोहोचविणारी वाहने वाढली, 2020 नंतर घरून काम करण्याची पद्धत काही व्यवसायांत रुजली. 2017 ची भारतीय महामार्ग क्षमता नियमपुस्तिका देशातील प्रत्यक्ष निरीक्षणांवर बेतलेली आहे, ही स्वागतार्ह बाब होय.

काय मोजायचे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियात चौकातील मोटारींचा विलंब हा पर्यावरणीय परिणामाचा निकष होता. त्यामुळे सार्वजनिक वाहतुकीजवळची घरेदेखील हानिकारक ठरत. 2013 च्या कायद्याने बदलाचा मार्ग खुला केला. सॅन फ्रान्सिस्कोने 2016 मध्ये वाहनांनी कापलेले एकूण अंतर हा निकष स्वीकारला आणि जुलै 2020 पासून तो राज्यभर लागू झाला. भारताच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांऐवजी माणसांच्या प्रवासाला केंद्रस्थान दिले होते. ते तत्त्व गृहीतकांच्या तक्त्यात उतरणे अगत्याचे आहे.

यासाठी त्रिविध उपाय सुचतात. संकुलात रहिवास सुरू झाल्यावर वर्षभराने प्रत्यक्ष मोजणी करून ती मूळ अंदाजाशी ताडावी. वाहनांबरोबर पादचारी, सायकलस्वार आणि बसप्रवासीही मोजावेत. दर पाच वर्षांनी महापालिकेने सुधारित गृहीतके नागरिकांसमोर ठेवावीत. मोजणीचा खर्च अल्प असतो. चुकीच्या आकड्यावर बांधलेला रस्ता मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो.