नुमाईशीच्या निमित्तानें

माळेगांवच्या खंडोबाची यात्रा आटोपली आणि तुरीची रास घरीं येऊं लागली, कीं आमच्या नायगांवच्या ओट्यांवर दरसाल एक प्रश्न निघतो : ‘औंदा नुमाईशीला जायचं काय?’ ही नुमाईश म्हणजे हैदराबादचें औद्योगिक प्रदर्शन. नामपल्लीच्या मैदानांत तें बहुधा 1 जानेवारीपासून 15 फेब्रुवारीपर्यंत भरतें. मुंबईच्या मानानें हैदराबाद आम्हांस जवळ. सकाळीं देगलूरच्या सडकेनें निघालेला माणूस दिवस मावळण्याच्या आंत तेथें पोहोंचतो. परंतु जवळ आहे म्हणूनच कीं काय, ह्या प्रवासाचा विचार आम्ही करीत नाहीं, नुसते निघतों. तो विचार कसा करावा, हें आज सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम ह्या प्रदर्शनाची ओळख करून घेऊं. 1938 सालीं उस्मानिया विद्यापीठाच्या कांहीं पदवीधरांनीं तें सुरू केलें. सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या हस्तें बाग-ए-आममध्यें त्याचें उद्घाटन झालें. ‘नुमाईश मस्नुआत-ए-मुल्की’ हें त्याचें मूळ नांव. म्हणजे मुलखांत तयार होणाऱ्या वस्तूंचें प्रदर्शन. त्या मुलखांत आमचा नांदेड जिल्हाही होता. 1946 सालीं प्रदर्शन हल्लींच्या जागेवर आलें. 1947 व 1948 ह्या धामधुमीच्या सालांत तें भरलें नाहीं. 1949 सालीं राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें तें पुन्हां सुरू झालें, तें अखिल भारतीय ह्या नांवानें. 1956 सालीं हैदराबाद राज्याची वांटणी होऊन आमची राजधानी बदलली. पण वडील माणसांच्या तोंडीं ‘नुमाईश’ हा शब्द राहून गेला. ह्या प्रदर्शनाच्या उत्पन्नांतून कित्येक शिक्षणसंस्था चालतात. सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय व कमला नेहरू पॉलिटेक्निक ह्या मुलींच्या संस्था त्यांपैकींच होत. शिक्षकाच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हे.

आतां माझी स्वतःची एक चूक सांगतों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं मी कुटुंब घेऊन नुमाईशीला गेलों. माझ्या आईला एकच गोष्ट पाहावयाची होती : सालारजंग संग्रहालयांतील वाजतें घड्याळ. शेजारणीकडून तिनें त्याचें वर्णन ऐकिलें होतें. मीं मात्र कोणासही न विचारतां गुरुवारीं रात्रीं गाडी धरली. शुक्रवारीं सकाळीं आम्ही संग्रहालयाच्या दारांत उभे, आणि शुक्रवार हाच त्याचा सुट्टीचा वार! सायंकाळीं प्रदर्शनांत मुलें पाळण्यांकडे धांवलीं, आम्ही त्यांच्यामागें धांवलों, आणि आई दाराजवळच्या कठड्यावर गांठोडीं सांभाळीत बसून राहिली. शनिवारीं सकाळची शाळा असल्यामुळें त्याच रात्रीं परतावें लागलें. वाटेंत आई म्हणाली, ‘घड्याळ कुठं पळून चाललंय? पुढल्या साली बघू.’ पुढल्या हिवाळ्यांत ती नव्हती.

म्हणून माझा पहिला नियम असा कीं, बेत आंखतांना घरांतील सर्वांत अशक्त माणसापासून आरंभ करावा. त्याला काय पाहावयाचें आहे, तें आधीं विचारावें, आणि तें पहिल्याच सकाळीं दाखवावें. तरुणांचे पाय सायंकाळपर्यंत टिकतात. म्हाताऱ्यांचे टिकत नाहींत.

दुसरा नियम वाराचा व तारखेचा. शुक्रवार, रविवार, संक्रांतीचे दोन-तीन दिवस आणि 26 जानेवारी हे टाळावे. आठवड्याच्या मधले मंगळवार-बुधवार उत्तम. रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे बायकांचें हळदीकुंकू चालतें. तेव्हां तारीख ठरवितांना घरांतील बाईमाणसांस विचारणें केवळ सौजन्याचें नव्हे, सोयीचेंही आहे. निघण्यापूर्वीं प्रदर्शनाच्या तारखा विचारून घ्याव्या. 2021 सालीं साथीमुळें तें भरलेंच नाहीं. 2022 सालीं उघडून लागलीच बंद झालें व फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हां सुरू झालें.

तिसरा नियम दिवसाच्या क्रमाचा. प्रदर्शन हें सायंकाळचें, संग्रहालय सकाळचें. इमलीबनच्या बसस्थानकापासून सालारजंग दूर नाहीं. बारा वाजण्याच्या पुरेशा आधीं घड्याळासमोर जाऊन वृद्धांस बसावयास जागा धरावी. तास भरत आला कीं घड्याळांतून एक लहानशी दाढीवाली मूर्ति बाहेर येते, घंटेवर टोल देते आणि आंत निघून जाते. बाराचे टोल सर्वांत अधिक, म्हणून बाराची वेळ साधावी. मीं तें मागाहून पाहिलें. दुपारीं सर्वांनीं विसांवा घ्यावा. मग बसस्थानकाजवळून मेट्रो धरावी. दुसरें स्थानक गांधीभवन, आणि तेथून प्रदर्शनाचें मैदान हाकेच्या अंतरावर आहे. रात्रीं मुक्काम करावा. एका दिवसांत जाणें-येणें उरकणें म्हणजे शहर पाहणें नव्हे, शहराला शिवून येणें होय.

चौथा नियम गर्दीचा. आंत शिरतांच भेटण्याची एक जागा ठरवावी, ती मुलांकडून म्हणवून घ्यावी, आणि बाहेर पडण्याच्या वाटा पाहून ठेवाव्या. 30 जानेवारी 2019 च्या रात्रीं तेथें आग लागून पुष्कळ दुकानें जळालीं. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. गांठोडीं सांभाळण्याचें काम पाळीपाळीनें करावें. तें एकाच माणसाच्या गळ्यांत, विशेषतः आईच्या गळ्यांत, घालूं नये.

शेवटचा नियम पैशाचा. सोयाबीनचा नाहीं तर कापसाचा पैसा मोठ्या कष्टानें हातीं येतो. प्रत्येकानें एकच वस्तु घ्यावी. पाहाव्या मात्र पुष्कळ. बिदरचें बिदरी काम पाहावें. जस्त व तांबें ह्यांच्या मिश्रधातूंत चांदीची तार ठोकून बसवितात आणि बिदरच्या किल्ल्यांतील माती लावून तो धातु काळा करितात. चांदी तेवढी पांढरी राहते. गोदावरीपलीकडच्या निर्मळचीं हलक्या लांकडाचीं खेळणीं आणि पोचमपल्लीचीं लुगडींही नजरेस पडलीं, तर मुलांस थांबवून दाखवावीं. ह्या सर्व वस्तु आमच्या जुन्या मुलखांतल्या, आमच्या शेजारच्या आहेत. मुलखांतील हुन्नर मुलखांतील लोकांनीं पाहावें, ह्यासाठींच ही नुमाईश प्रथम भरली होती.

तेव्हां श्रोतेहो, यंदा जाणार असाल, तर आजच घरांतील वडील माणसाजवळ बसा. ‘तुम्हांला काय पाहायचं आहे?’ एवढेंच विचारा, आणि त्यांच्या उत्तरावरून वार ठरवा. पुढल्या सालावर टाकूं नका.