विरजण आणि गोळी

घरातील अन्नावर बुरशी दिसली की ते अन्न उकिरड्यावर जाते. विरजण मात्र जिवापाड जपले जाते. एकीचा तिरस्कार आणि दुसऱ्याचा आदर करणाऱ्या मनुष्याला हृदयाच्या रक्षणासाठी मात्र बुरशीकडेच हात पसरावा लागला.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ मध्ये एका बुरशीतून कोलेस्टेरॉलला आवर घालणारे द्रव्य शोधून काढले. त्याच कुळातील लोव्हास्टॅटिनला १९८७ मध्ये अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली. हे औषधही बुरशीच्या आंबवणातूनच निर्माण होते. बंगळूरमध्ये १९७८ साली पपईपासून पपेन काढून ज्या 'बायोकॉन'ने आपल्या उद्योगाचा श्रीगणेशा केला, तिला २००१ मध्ये लोव्हास्टॅटिनसाठी अमेरिकन औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

दही व प्रोबायोटिक गोळ्याही सूक्ष्मजीवांचीच देणगी. साहजिकच मनात येते की, दही असताना गोळी कशाला? इथेच विवेक हवा. यकृत ज्या विकराच्या साहाय्याने कोलेस्टेरॉल घडविते, त्याला स्टॅटिन रोखते. मग यकृत आपली गरज रक्तातून भागविते, आणि रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल औषधाच्या मात्रेनुसार बहुधा ३० ते ५० टक्क्यांनी उतरते. आतड्यातील काही जंतूंचा मार्ग निराळा. ते पित्तातील क्षारांचे विघटन करतात. हे क्षार मळावाटे अधिक जातात, आणि नवे पित्त घडविण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉल खर्च करते. परंतु हा लाभ अल्प असतो आणि जंतूंच्या जातीवर अवलंबून राहतो. घरोघरचे विरजण तर निरनिराळे. त्याची मात्रा कोण ठरविणार?

तेव्हा ही दोन्ही परस्परांची वैरी नव्हेत, तशीच एकमेकांच्या जागी उभी राहणारीही नव्हेत. स्टॅटिन घेणाऱ्याने जेवणात वाटीभर दही किंवा ताक घेण्यास सहसा प्रत्यवाय नसतो. मात्र ज्यांची रोगप्रतिकारशक्ती फार क्षीण झाली आहे, त्यांनी जिवंत जंतूंच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत. लाल बुरशीने आंबविलेल्या तांदळाच्या कॅप्सूलपासून तर स्टॅटिन घेणाऱ्या प्रत्येकाने सावध राहावे. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या या कॅप्सूलमध्ये लोव्हास्टॅटिनच असू शकते. त्यामुळे नकळत औषध दुप्पट होऊन स्नायूंना इजा पोहोचण्याचा संभव वाढतो.

कोलेस्टेरॉल वाढले तरी अंग दुखत नाही, ताप येत नाही. म्हणूनच बरे वाटते आहे या भरवशावर गोळी सोडून देण्याचा मोह होतो, आणि रक्तवाहिनीतील अडथळा मुकाट्याने वाढत राहतो. गोळीमुळे स्नायू दुखू लागले, तर ते डॉक्टरांच्या कानी घालावे. ते मात्रा किंवा औषध बदलून देऊ शकतात. दही ताटात असावे, गोळी वेळेवर घ्यावी आणि ती थांबविण्याचा निर्णय रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनी करावा, यातच रोग्याचे हित आहे.