वावर ते प्लॉट
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी पाया खोदण्याआधी सातबारा पुढे करून मी सर्वांना थांबवलं होतं. काहींना रागही आला. त्यामागचं कारण आज सांगतो.

मी बँकेत असताना आमच्या कौंडण्यपूरचे एक काका घरकर्जासाठी आले. वावरातला तुकडा प्लॉट म्हणून घेतलेला. “साहेब, जागा माह्या नावावर हाये, मंग लोन काऊन नाई?” जमीन शेतीचीच होती, अकृषिक आदेश नव्हता. मी फाइल परत केली. नियमाने बरोबरच केलं. पण कोणता कागद कुठून आणायचा, हे सांगितलं नाही. ते अजून टोचतं.

म्हणून आपल्या वेळी महसूल संहितेच्या कलम ४४ खाली रीतसर अर्ज केला. पोच मिळाल्यापासून ९० दिवसांत निर्णय कळवायचा, असं तेव्हा कायदा म्हणायचा. आपल्या चपला किती झिजल्या, ते जुन्या सभासदांना विचारा!

नंतर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत राहतं घर बांधण्यासाठी कलम ४२ड आलं. त्यात रूपांतरण कर, अकृषिक आकारणी भरली की कलम ४४ ची वेगळी परवानगी लागत नसे. मात्र जमीन भोगवटादार वर्ग २ ची तर नाही ना, हे आधी पाहा. बांधकामाचा नकाशा तर मंजूर करून घ्यावाच लागतो.

मागच्या वर्षी रुक्मिणीमातेची पालखी निघाली तेव्हा काकांचा मुलगा गावात भेटला. तोच तुकडा, तोच सातबारा. या खेपेला मी त्याच्यासोबत तिवस्याला तहसीलमध्ये गेलो. गावठाणापासूनचं अंतर मोजायचं अजून बाकी आहे.