मोजणी शिका, पोरांनो
(जिल्हा मेळाव्यातील विद्यार्थी-पालक बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर बोलतो आहोत. आता दुसऱ्या एका मापाबद्दल बोलायचं आहे. बाजारात व्यापाऱ्यानं काटा मारला तर आपण ओरडतो, कारण काटा आपल्याला वाचता येतो. शेत मोजायला मोजणीदार येतो तेव्हा काय होतं? तो यंत्र मांडतो, कागद पाहतो, खुणा दाखवतो आणि आपण टोपी हातात धरून उभे राहतो. वावर आपलं, पण त्याचं माप घरात कुणालाच कळत नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमचा आणि चुलतभावाचा सामाईक धुरा ६६० फूट लांब. दरसाल वखराची पास थोडी इकडे, असं करत धुरा पाच फूट आमच्याकडे सरकला, असं आमचं म्हणणं. त्याचं म्हणणं, एक बोटही सरकला नाही. ६६० गुणिले ५ म्हणजे ३३०० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे जमीन झाली तीन गुंठे. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल कापूस धरला तर तीन गुंठ्यांचे साडेसदतीस किलो. एवढ्यासाठी आम्ही आठ वर्षं तारखा केल्या. वकिलाची फी, एसटीचं भाडं, साक्षीदाराचं जेवण. एक बैलजोडी त्यातच गेली. शेवटी कोर्टानं मोजणी मागवली आणि अर्ध्या दिवसात निकाल लागला. धुरा सरकला होता, पण पाच नव्हे, दोन फूट. सव्वा गुंठा. पंधरा किलो कापूस! मधल्या काळात चुलतभावाच्या पोरीचं लग्न झालं, त्याला आम्ही गेलो नाही. जुन्या मोजणीचं टिपण वाचणारं एक पोर घरात असतं, तर पहिल्याच साली दोरी धरून वाद बांधावरच मिटला असता.

ही मोजणी आपल्या सोयीसाठी सुरू झालेली नाही, हेही सांगून ठेवतो. इंग्रजांना सारा ठरवायचा होता. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं काम हाती घेतलं, पुढं तीच पद्धत वऱ्हाडात आली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. सात-बाऱ्यावरचा आकडा आभाळातून पडलेला नाही, तो या साखळीतून आला आहे.

आपल्या कापसाच्या मुलखाचंही या विद्येशी नातं आहे. सगळ्या हिंदुस्थानची मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरू करणारा लॅम्बटन साहेब उत्तरेकडे मोजत येताना १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथं आहे. आणि साहेबांनाच हे जमतं असं समजू नका. हिमालयातल्या मिलम गावचा नैनसिंग रावत हा शाळामास्तर. साहेबांना तिबेटात जाता येईना, तेव्हा मास्तरला धाडलं. एकशेआठऐवजी शंभर मण्यांची माळ हातात, शंभर पावलांना एक मणी, असा मोजत तो १८६६ मध्ये ल्हासाला पोचला. घड्याळ्याच्या नव्हे, पायांच्या भरवशावर.

आता मुलांनो, हे काम अवघड आहे का? टिपणात शेताच्या मधून एक सरळ रेषा असते आणि तिच्यापासून कोपऱ्यांपर्यंत काटकोनात टाकलेली अंतरं असतात. त्यातून त्रिकोण आणि चौकोन पडतात. पाया गुणिले उंची भागिले दोन. हे तुम्ही शाळेत शिकलात आणि परीक्षा झाल्यावर विसरलात. दोरीला नऊ, बारा आणि पंधरा फुटांवर गाठी मारून त्रिकोण ताणला की काटकोन मिळतो. फुली मारून सरकी टोबायला दोरी धरणाऱ्या पोराला हे शिकवायला किती वेळ लागेल?

पूर्वी साखळी आणि प्लेन टेबल होतं. आता ईटीएस यंत्र आणि उपग्रहाकडून जागा टिपणारा रोव्हर आला आहे. त्यामुळे उन्हातले तास कमी झाले, पण जुनं टिपण वाचायची अक्कल यंत्रात येत नाही. ती माणसालाच लागते.

रस्ता करायचा तर हे ऐका. दहावीनंतर आयटीआयमध्ये सर्व्हेअरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दुसरा रस्ता स्थापत्य पदविकेचा. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाच्या भरतीला हे शिक्षण चालत आलं आहे. टायपिंगची अटही असते, म्हणून जाहिरात निघायची वाट न बघता टायपिंग आधीच करून ठेवा. सरकारी नोकरी नाही लागली तरी रस्ते, कालवे, ले-आउट यांना मोजणारा माणूस लागतोच. बारावी करून तालुक्याच्या चौकात उभं राहण्यापेक्षा हे बरं.

मुलींनीही यावं. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावे जमीन करायला सांगितलं, पुष्कळांनी केलीही. पण कागदावर नाव लागलं तरी पोटहिस्सा कुठून कुठपर्यंत, हे बाईला बांधावर कोण दाखवणार? तिथं मोजणारी बाई असली तर ती निःशंकपणे विचारेल.

रस्त्यासाठी जमीन जाते तेव्हाही तेच. संयुक्त मोजणीच्या कागदात विहीर, पाइपलाइन, संत्र्याची झाडं नोंदली गेली नाहीत तर मोबदल्यातून ती गळतात. सही करण्याआधी तो कागद वाचणारं कुणी घरचं पाहिजे.

कामात त्रास आहे, तो लपवत नाही. दोन्ही बाजू अंगावर येतात, एखादा पाकीटही पुढं करतो. शेतकऱ्याचा पोर साहेब झाला की बापाच्याच जातीच्या माणसाला खेटे घालायला लावतो, हेही आम्ही पाहिलं आहे. तसं करायचं असेल तर कृपा करून दुसरा धंदा बघा.

पऱ्हाटी उपटून झाली की वावर मोकळं होईल. नांगरटीआधी दोरी, फूटपट्टी आणि सात-बारा घेऊन प्रत्येकानं स्वतःचं शेत मोजावं. भूमी अभिलेख कचेरीतून टिपणाची नक्कल काढावी, अर्जासोबत गट नंबर लिहावा. आपला आकडा आणि सात-बाऱ्याचा आकडा शेजारी शेजारी मांडून पुढच्या बैठकीला वही आणा. आम्ही तिथं बसून तपासू.