कॉलेज नंतर, कोर्ट आधी ठरवा

 

आज जो विषय सांगणार आहे तो आमच्या गटाच्या मासिक बैठकीतच निघाला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले आणि एक ताई उभी राहिली. म्हणाली, "मला साठ हजार रुपये कर्ज पाहिजे. लेकीला वकिलीला घालायचंय. आठ दिवसांत पैसे भरले नाहीत तर जागा जाईल."

मुलीची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. घरी एक माणूस रंगीत पुस्तक घेऊन येऊन गेला होता. पुस्तकात मोठी इमारत, काचेची दारं, काळ्या कोटातली हसरी मुलं. "प्रवेश परीक्षेची भानगड नाही, आत्ता साठ हजार भरा, बाकीचे नंतर बघू," असं तो सांगून गेला. बाकीचे किती, हे ताईला माहीत नव्हतं. मुलीला मात्र ते पुस्तक पाठ झालं होतं.

गटात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं देऊया, कुणी म्हणालं एवढी रक्कम एकीलाच कशी. तेवढ्यात आमच्या आक्कांनी विचारलं, "पोरगी शिकून कुठल्या कोर्टात उभी राहणार हाय?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. मी बी.ए. झालेली, गटांची समन्वयक. मलाही नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ताई, तिची लेक आणि मी, तिघी तालुक्याच्या कोर्टात गेलो. तिथे वकिली करणाऱ्या एका मॅडमना भेटलो. त्या दिवशी त्यांनी सांगितलं आणि नंतर आम्ही स्वतः चौकशी करून जे समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, वाटा किती आहेत ते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि पदवी झाल्यावर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी महाराष्ट्रात राज्याची सीईटी द्यावी लागते. खुल्या प्रवर्गाला आधीच्या परीक्षेत ४५ टक्के, इतर मागास प्रवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. सीईटी मराठीतूनही देता येते आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. तेव्हा "परीक्षेची भानगड नको" असं कुणी म्हणालं तर घाबरून हो म्हणू नका. ती परीक्षा आपल्या मुलींना झेपणारी आहे, आणि सरकारी सवलतीचं दारही तिच्यातूनच उघडतं.

दुसरी वाट राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. आपल्या राज्यात अशी तीन आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. तिथे जायला क्लॅट नावाची देशपातळीवरची परीक्षा असते. ती इंग्रजीतून असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. खर्च वर्षाला लाखांत जातो. पण नाव मोठं आहे. मोठ्या कंपन्या आणि मुंबई-दिल्लीच्या बड्या वकिली फर्म अशा ठिकाणी येऊन मुलं निवडतात.

आता आक्कांच्या प्रश्नाकडे येऊ. मॅडम मुलीला म्हणाल्या, "तुला कंपनीच्या ऑफिसात बसायचं असेल तर कॉलेजचं नाव महत्त्वाचं. तिथे नाव बघूनच बोलावतात. पण तुला तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कोर्टात उभं राहायचं असेल तर पक्षकार विचारत नाही की तू कुठल्या कॉलेजची. तो विचारतो, माझी तारीख कधी आहे आणि तुम्ही येणार ना?"

जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. तिथे चांगलं मराठी लिहिणारी, सातबारा आणि फेरफार वाचता येणारी, गावची भांडणं समजणारी मुलगी मागे पडत नाही. इंग्रजी शिकावंच लागतं, कारण उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असतात. पण इंग्रजी कच्चं आहे म्हणून दार बंद होत नाही. आपल्या सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. उच्च न्यायालयाच्या कामासाठी मुंबईला धावायची वेळ कमी झाली, तसं इथल्या वकिलांना कामही जवळ आलं.

आता खर्च. मैत्रिणींनो, हे नीट ऐका, कारण इथेच आपण चुकतो. आपण फी पाच वर्षांची मोजतो. मॅडमनी सांगितलं, आठ वर्षांची मोजा. पाच वर्षं शिक्षणाची आणि पुढची तीन वर्षं उमेदवारीची. सनद हातात आली की दुसऱ्या दिवसापासून पैसे येत नाहीत. एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काम शिकावं लागतं. त्या काळात कुणी थोडे पैसे देतं, कुणी नुसता प्रवासखर्च देतं, कुणी तेही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये नव्या वकिलांना शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली आहे. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही.

न्यायाधीश व्हायचं म्हटलं तरी हीच तीन वर्षं आडवी येतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कनिष्ठ स्तरावरच्या न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी आधी तीन वर्षं वकिली केलेली असली पाहिजे.

आता हिशेब जुळवा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरात सुरू होतो. म्हणजे मुलीच्या हातात काहीच येत नसतं त्याच वेळी बँकेचा हप्ता दारात येतो. मग काय होतं? मुलगी कोर्ट सोडून मिळेल ती नोकरी धरते, नाहीतर घरचे म्हणतात, झालं ना शिकून, आता लग्न करा. काळा कोट खुंटीला लागतो. चांगल्या कॉलेजचं कर्ज काढूच नका असं मी म्हणत नाही. कंपनीच्या वाटेनं जाणाऱ्या हुशार मुलीला ते फेडता येतं. पण तालुक्याच्या कोर्टाची कमाई हळूहळू वाढते, तिच्यावर लाखांचं कर्ज पेलत नाही.

स्वस्त कॉलेजचाही हिशेब पुरा करा. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य होते. नाव मोठं आणि फी कमी. पण मुंबईत राहायचं-जेवायचं काय? पुण्यातही फीपेक्षा खोलीभाडं आणि मेस जड जाते. म्हणून कागदावर चार रकाने पाडा: फी, राहणं-खाणं, प्रवास-पुस्तकं आणि उमेदवारीची तीन वर्षं. चारही भरल्याशिवाय बेरीज करू नका.

आता सवलती. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. वसतिगृह आणि निर्वाहभत्त्याच्या योजनाही आहेत. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून पैसे भरून घेतलेल्या जागेला ही माफी नाही, खाजगी आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. त्या रंगीत पुस्तकवाल्याने हेच सांगितलं नव्हतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास आणि आधारला जोडलेलं बँक खातं, हे सगळं निकालाची वाट न बघता आधीच काढून ठेवा. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. पहिलं विचारा, बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का? ती नसेल तर सनद मिळत नाही. घरी बसून, पत्राने केलेल्या कायद्याच्या पदवीवरही वकिलीची सनद मिळत नाही. म्हणजे कॉलेजला रोज जायचं आहे, तेव्हा एस.टी. किती वाजता जाते आणि शेवटची किती वाजता परत येते हेही बघा. तास होतात का, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं, परीक्षेत उत्तरं मराठीत लिहिता येतात का, कायदा सल्ला केंद्र चालतं की नुसती पाटी आहे, हे विचारा. आणि सगळ्यात खरी चौकशी कोर्टात होते. तिथल्या तीन-चार तरुण वकिलांना विचारा, तुम्ही कुठे शिकलात आणि आता काय करता? एवढ्यात कॉलेजची पत कळते.

सनद घेतानाही फसू नका. वकील म्हणून नोंदणीचं कायद्यातलं शुल्क ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. बार कौन्सिलला त्याहून जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं आहे. पुढे अखिल भारतीय बार परीक्षाही पास व्हावी लागते. ती मराठीतूनही देता येते.

आमच्या ताईच्या लेकीचं काय झालं? गटाने साठ हजार दिले नाहीत. बारा हजार दिले, सीईटीचा अर्ज, पुस्तकं आणि पहिल्या महिन्यांच्या खर्चासाठी. मुलगी रागावली, माझ्याशी बोलेना. परीक्षा दिली. पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजात नंबर लागला नाही, जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या कॉलेजात लागला. दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी आईबरोबर जाऊन प्रवेश घेतला. शिक्षण शुल्क माफ झालं आणि गटाचं कर्ज दहा महिन्यांत फिटलं.

मागच्या दिवाळीत आमच्या गटातल्या एका काकूंना भावांनी बोलावून घेतलं होतं, "भाऊबीजेला ये आणि एका कागदावर सही कर" म्हणून. काकूंनी कागद घरी आणला आणि या मुलीला दाखवला. तिने वाचून सांगितलं, "काकू, हे हक्कसोडपत्र आहे. सही केलीत तर वडिलांच्या जमिनीतला तुमचा वाटा संपला. द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण समजून द्या." मग ती काकूंना तालुका विधी सेवा समितीकडे घेऊन गेली. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, कायद्याने मोफत वकील मिळतो, हे आमच्या गटाला तिच्यामुळे कळलं.

ती पुढे मोठी वकील होईल का, मला आज सांगता येणार नाही. पण ती कुठल्या कोर्टात उभी राहणार हे आता तिला माहीत आहे, आणि तिथवर पोचेपर्यंत तिच्या आईच्या डोक्यावर कर्ज नाही.

आणि एक सांगते. ज्या ताईंची पदवी झाली आहे त्यांनाही तीन वर्षांची वाट मोकळी आहे, तिला वयाची अट नाही. पस्तिशीतल्या बाईलासुद्धा नाही. मी माझ्या वहीत चार रकाने पाडलेत. पहिले तीन भरून झालेत, चौथ्याचा विचार चालू आहे.

पुढच्या बैठकीत, ज्यांच्या घरी बारावीतली मुलगी आहे त्यांनी आक्कांचा प्रश्न तिला विचारून या. नमस्कार.