खाचांची पट्टी

(हीरक महोत्सवी प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



समोरच्या कपाटातील काचेच्या बाटल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने आजोबांच्या दवाखान्यातून आणून दिल्या आहेत. तयार गोळ्यांची पाकिटे सर्रास मिळू लागण्यापूर्वी लहान गावात औषध दवाखान्यातच तयार होई. कंपाउंडर खलात पूड घोटून मिक्स्चर बनवी आणि रुग्णाने घरून धुऊन आणलेल्या बाटलीत ते भरून देई.

या बाटल्यांच्या घडणीत शास्त्र आहे. सिल्व्हर नायट्रेटसारखी उजेडाने बिघडणारी द्रव्ये तपकिरी काचेत ठेवीत. तीव्र आम्लाच्या बाटलीला घासून बसवलेले काचेचेच बूच असे, कारण साधे बूच आम्लाने खाऊन जाई. विषारी द्रव्यांच्या काही बाटल्यांवर उभे कंगोरे असत. अंधारातही बोटांना धोका कळे.

मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती बाटलीवर चिकटवलेली कागदी पट्टी. कागदाची घडी घालून कंपाउंडर तिच्या कडांना कात्रीने समान अंतरावर खाचा पाडी. एक खाच म्हणजे एक मात्रा. अक्षरओळख नसलेली माउलीही त्या खाचा पाहून तापाने फणफणलेल्या लेकराला औषध अचूक देऊ शके. डॉक्टरांची विद्या त्या पट्टीमुळे घराघरांत पोहोचत असे.

काचनिर्मितीचाही एक धागा आपल्यापर्यंत येतो. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावी काच कारखाना निघाला. त्याची तांत्रिक धुरा परदेशात काचविद्या शिकलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सांभाळली. पुढे त्यांनी उत्तर प्रदेशात बहजोई येथे कारखाना काढला. महाराष्ट्रातील पैशापैशाच्या वर्गणीतून रुजलेली विद्या अशी प्रांताबाहेर गेली.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा कशासाठी, असे पालक मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. वर्गांतील पटसंख्या घटते आहे, हे मी लपवीत नाही. माझे उत्तर इतकेच, की घरच्या भाषेत संकल्पना एकदा उमगली, की मूल ती पुढे कोणत्याही भाषेत मांडू शकते. विद्या घेणाऱ्याला कळेल अशा रूपात देणे, हे आमचे काम आहे.

आपल्या घरीही अशा वस्तू असतील, त्यांविषयी सांगणारी वडीलधारी मंडळीही असतील. मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि ऐकलेले मराठीत लिहून काढायला सांगा. त्या वह्यांसाठी या कपाटात एक फळी मोकळी ठेवली आहे.